आवाजाने चितारलेला उंदीर

मँचेस्टरच्या दक्षिण भागात चॉर्ल्टन-कम-हार्डी नावाचे उपनगर आहे. ब्रायन कॉसग्रोव्ह आणि मार्क हॉल या दोघांनी १९७६ साली तिथे कार्टूनपटांचा स्टुडिओ काढला. पाठबळ होते लंडनच्या थेम्स टेलिव्हिजनचे. दोघांची ओळख मँचेस्टरच्या कला महाविद्यालयातली, आणि पुढे ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये दोघांनीही ग्राफिक कलाकार म्हणून नोकरी केलेली. या स्टुडिओने घडवलेला एक पांढरा उंदीर २८ सप्टेंबर १९८१ रोजी आयटीव्ही वाहिनीवर प्रथम दिसला. एका डोळ्यावर काळी पट्टी, छातीवर नावाची आद्याक्षरे, मुक्काम लंडनच्या बेकर स्ट्रीटवरच्या लाल टपालपेटीत आणि नेमून दिलेले काम जगाला वाचवण्याचे. 'डेंजर माउस' ही मालिका मार्च १९९२ पर्यंत चालली. तिच्यातलाच एक खलनायक पुढे १९८८ पासून स्वतःच्या मालिकेचा नायक झाला. तो म्हणजे रक्ताऐवजी भाजीपाल्यावर जगणारे पिशाच्च बदक, 'काउंट डकुला'. एवढ्या उघड वेडगळपणाचे मुलांना आणि मोठ्यांनाही इतके आकर्षण का वाटले, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: ब्रिटिशांना स्वतःवर हसण्याची हौस आहे. या उत्तराने काहीच उलगडत नाही. हौस सगळ्यांनाच असते, पण तिच्यातून दहा वर्षे टिकणारी मालिका उभी राहत नाही. माझे म्हणणे असे की या कार्टूनांचा वेडगळपणा ही एक कारागिरी होती. पैशाची चणचण आणि रेडिओची जुनी तालीम या दोन गोष्टींतून ती घडली, आणि तिच्या मोहिनीचे मूळही तिथेच सापडते.

आधी पैशाचे पाहू. ब्रिटिश टेलिव्हिजनवर सेकंदाला २५ फ्रेम लागतात. पाच मिनिटांचा भाग म्हणजे ७,५०० फ्रेम. एकेक चित्र दोन-दोन फ्रेमांपुरते वापरले तरी हाताने काढायची पावणेचार हजार चित्रे होतात. 'डेंजर माउस'च्या एका भागाला फार तर दोनेक हजार चित्रे मिळत. बाकीचा वेळ कसा भरायचा? एकदा काढलेली दृश्ये पुन्हा पुन्हा वापरून. टपालपेटीतून उडती पिवळी गाडी बाहेर पडते ते दृश्य प्रेक्षकाला पाठ होऊन जाते. वरिष्ठ अधिकारी कर्नल के बहुतेक वेळा भिंतीवरच्या पडद्यावर दिसतो, म्हणजे हलवायचे फक्त त्याचे तोंड. सगळ्यात सुंदर युक्ती अंधाराची. कथानक अंधारात नेले की पडदा काळा करून त्यात नुसते डोळे काढले तरी भागते. पेनफोल्ड या मदतनिसाचे दोन डोळे आणि नायकाचा एकच, कारण दुसऱ्यावर पट्टी! उत्तर ध्रुवावरच्या कथांतही हाच हिशेब आहे. बर्फात पार्श्वभूमी रंगवावी लागत नाही. या काटकसरी कॉसग्रोव्ह आणि मालिकेच्या बहुतेक संहिता लिहिणारे ब्रायन ट्रूमन या दोघांनीही पुढे मोकळेपणाने सांगितल्या आहेत.

यावर कोणी म्हणेल की थोड्या पैशात काढलेली कार्टून साठ-सत्तरच्या दशकांत ढिगाने निघाली आणि त्यांतली बरीचशी आज पाहवत नाहीत, तेव्हा टंचाईला गुण कसे मानायचे? आक्षेप रास्त आहे. नुसती टंचाई काहीच घडवत नाही. फरक पडतो तो ती झाकली जाते की दाखवली जाते यावर. स्वस्त साहसकथेत नायक धावतो आणि त्याच्यामागून तेच झाड चारदा जाते. आपण ते पाहिलेले नाही असे निर्मात्याने धरलेले असते, आणि प्रेक्षकाला तो अपमान जाणवतो. 'डेंजर माउस'मध्ये काळ्या पडद्यावरचा एकुलता एक डोळा हाच विनोद असतो. आपल्याकडे चित्रे कमी आहेत हे निर्माता जाणतो, प्रेक्षक जाणतो आणि दोघेही त्यावर एकत्र हसतात. ही भागीदारी मोठ्या खर्चाच्या कार्टूनपटाला सहजी साधत नाही, कारण तिथे सगळी धडपड प्रेक्षकाने भान हरपावे यासाठी असते. इथे भान शाबूत ठेवून मजा घ्यायची असते. पाचसात वर्षांच्या मुलाला ही समज देणे, त्याला आपल्या बरोबरीचा मानणे, हे या मालिकेचे मोठेपण मला वाटते.

मात्र चित्र कमी करायचे तर ती जागा कशाने तरी भरावी लागते. चॉर्ल्टनच्या लोकांनी ती बोलण्याने भरली, आणि इथे रेडिओचा वारसा कामी आला. बीबीसी रेडिओवर १९५१ ते १९६० या काळात 'द गून शो' हा कार्यक्रम चालला. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १९१८ साली आपल्या अहमदनगरमध्ये, आजच्या अहिल्यानगरमध्ये, जन्मला. वडील ब्रिटिश फौजेत असल्यामुळे त्याच्या बालपणीची बरीच वर्षे पुण्याला आणि पुढे रंगूनला गेली. मिलिगनने युद्धकथा, हेरकथा, साम्राज्यातल्या शौर्यकथा घेतल्या आणि त्यांची तर्कसंगती तेवढी काढून टाकली. वीरश्रीचा सूर मात्र जसाच्या तसा राहू दिला. रेडिओवर चित्राचा खर्च नसतो, त्यामुळे एका वाक्यात हिमालय उभा करता येतो आणि पुढच्या वाक्यात तो पाडता येतो. 'डेंजर माउस' या घराण्यातली आहे. सगळ्या ब्रिटिश हास्यकारांवरच गून शोचा ठसा आहे, म्हणून नुसते नाते सांगून भागणार नाही हे मला मान्य आहे. पण इथे पुरावा माणसांचाच मिळतो. कर्नल के आणि खलनायक बेडूक बॅरन ग्रीनबॅक या दोघांचाही आवाज एडवर्ड केल्सी यांचा. 'द आर्चर्स' या बीबीसीच्या रेडिओ मालिकेत त्यांनी १९८५ पासून अखेरपर्यंत जो ग्रंडी हा शेतकरी उभा केला. 'काउंट डकुला'तला गिधाडमुखी खानसामा ईगोर बोलतो जॅक मे यांच्या आवाजात, आणि जॅक मे म्हणजे त्याच 'द आर्चर्स'मधला नेल्सन गॅब्रिएल. ज्यांनी नुसत्या आवाजावर माणसे जिवंत केली, त्यांच्याच हाती ही पात्रे सोपवली होती.

निवेदक हे तर उघड उघड रेडिओचेच पात्र. इझंबार्ड सिंक्लेअर नावाचा हा निवेदक पडद्यावर सहसा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. कथा रंगात येते आणि तो कंटाळतो, कुरकुरतो, आपल्या नशिबी हे काम का आले म्हणून हळहळतो. शेवटी पुढच्या भागाविषयी उत्कंठा वाढवणारे प्रश्न विचारायचे, तर त्यांचा कथेशी संबंध उरत नाही. त्याचा आवाजही डेव्हिड जेसन यांचाच, म्हणजे नायकाचाच. एका नटाने नायकाचे शौर्य गायचे आणि त्यानेच निवेदक होऊन त्या शौर्याला विटायचे, ही रचना मला फार मोलाची वाटते. पोकळ वीरश्रीवरची टीका कुठे बाहेरून येत नाही, ती गोष्टीच्या आतच बसलेली असते. भित्र्या पेनफोल्डला आवाज दिला होता टेरी स्कॉट या तेव्हाच्या नामांकित विनोदी नटाने. जेसन यांची 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही गाजलेली मालिकाही त्याच महिन्यात, सप्टेंबर १९८१ मध्येच सुरू झाली. तेव्हा मुलांचा कार्यक्रम म्हणून दुय्यम नट घेऊन काम उरकले असे इथे झालेले नाही. चित्रांवर वाचलेले पैसे संहितेवर आणि आवाजावर सत्कारणी लागले.

मग प्राणीच का? सवयीचे उत्तर असे की मुलांना प्राणी आवडतात, आणि ब्रिटनमध्ये तर बीट्रिक्स पॉटरच्या १९०२ सालच्या सशापासून ही परंपराच आहे. परंपरा आहे खरी. याच स्टुडिओने १९८३ मध्ये 'द विंड इन द विलोज' या १९०८ च्या पुस्तकावर बाहुल्यांचा सुरेख चित्रपट केला आणि त्यातल्या बढाईखोर बेडकालाही जेसन यांचाच आवाज दिला. पण विडंबनात प्राणी वेगळे काम करतो. हेराची गोष्ट माणसाला घेऊन केली, तर नट किती देखणा, मारामारी किती खरी, हे प्रश्न आडवे येतात. कॉसग्रोव्ह आणि हॉल यांची मूळ कल्पना पुष्कळशी गंभीर हेरकथेची होती. आधार होता १९६० च्या दशकातल्या 'डेंजर मॅन' या मालिकेचा. उंदरालाच हेर करायचे तर गोष्टीने वेड्यासारखेच वागले पाहिजे, हे त्यांना सुचवले माइक हार्डिंगने. हा मँचेस्टरचा लोकगायक आणि विनोदकार, मालिकेचे संगीतही त्याचेच. रॉचडेल या गिरणगावात काउबॉय होऊन वावरणाऱ्या माणसाचे गाणे गाऊन तो १९७५ मध्ये देशभर गाजला होता. मोठी गोष्ट उचलून छोट्या जागी ठेवायची, एवढेच त्याचे तंत्र, आणि उंदीर ही त्या तंत्राची परिसीमा. टपालपेटीत मावणारा वीर काढला की अर्धे विडंबन चित्रातच होऊन जाते. लेखकाला ते समजावून सांगावे लागत नाही. शिवाय दोन गोल कान आणि एक पट्टी एवढ्यावर हा नायक लांबून ओळखू येतो. ज्या स्टुडिओत प्रत्येक रेषेचा हिशेब ठेवावा लागतो, तिथे हे थोडेथोडके नाही. ग्रीनबॅकच्या मांडीवरची नीरो नावाची पांढरी केसाळ अळी पाहा. बाँडपटांतल्या खलनायकाचे पांढरे मांजर ज्याने पाहिले आहे त्याला ती लगेच ओळखू येते, आणि ज्याने पाहिलेले नाही त्यालाही अळी कुरवाळणारा बेडूक पुरेसा असतो.

इथेच एक जुना आक्षेप समोर येतो: मूळ कृती माहीत असल्याशिवाय विडंबन कळत नाही, आणि १९८१ च्या मुलांना 'डेंजर मॅन' कुठून माहीत असणार? ही मालिका तर १९६८ मध्येच संपली होती. डकुलाचे पाहिले तर ख्रिस्तोफर ली यांनी ज्यात काम केले तो हॅमर कंपनीचा 'ड्रॅक्युला' १९५८ चा. तरीही मुले हसली, कारण चांगले विडंबन मूळ कृतीचे नियम आपल्याच पोटात घेऊन फिरते. 'काउंट डकुला'च्या सुरुवातीला घनगंभीर आवाजात विधीची कथा सांगितली जाते: वाडा, ग्रहयोग, शतकातून एकदा होणारे पुनरुज्जीवन. मग रक्ताच्या जागी टोमॅटोचे केचप पडते आणि शाकाहारी सरदार जन्माला येतो. भयकथा कशी असते आणि ती कुठे मोडली, हे दोन्ही एका मिनिटात कळते. केशवकुमारांची 'झेंडूची फुले' वाचून आज हसणाऱ्यांपैकी किती जणांनी रविकिरण मंडळाच्या मूळ कविता वाचलेल्या असतात? बहुतेक मुले आधी उंदीर पाहतात आणि बाँड पुढे कधीतरी. म्हणजे त्यांच्यापुरते विडंबन हेच मूळ ठरते, आणि खरी हेरकथा पाहताना ती आधीच सावध झालेली असतात.

अमेरिकेचा दाखला देऊन आणखी एक हरकत घेतली जाते. सुपरमॅनची नक्कल करणारा 'मायटी माउस' १९४२ चा, हेर खार 'सीक्रेट स्क्विरल' १९६५ ची. मग यात ब्रिटिश ते काय? शोधाचा मान ब्रिटनचा नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पण अमेरिकेतली 'डेंजर माउस'ची सख्खी बहीण शोधायची तर ती १९५९ पासूनची 'रॉकी अँड बुलविंकल' ही खार आणि मूस हरणाची जोडी. तिची चित्रे इतक्या कमी खर्चात व्हायची होती की काम मेक्सिकोला पाठवले गेले. तिचा आगाऊ निवेदक होता विल्यम कॉनरॅड, 'गनस्मोक' या रेडिओ मालिकेतला मार्शल. काटकसरीची चित्रे, रेडिओत तयार झालेला गळा आणि प्रेक्षकाशी संगनमत हे तिन्ही तिथेही जमून आले, आणि फळही तेच निघाले. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मी शोधूनही मिळवला नसता. ब्रिटनमध्ये हा योग जास्त ठळकपणे जुळून आला, कारण तिथे बोलक्या रेडिओची परंपरा अधिक काळ जिवंत राहिली.

साम्राज्याचा मुद्दा मात्र एवढ्या सहज निकालात काढता येत नाही. सुएझची नामुष्की १९५६ ची. स्टुडिओ निघाला त्याच १९७६ साली ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला, आणि १९७९ मध्ये राणीच्या चित्रसंग्रहाचा माजी अधिकारी अँथनी ब्लंट हा सोव्हिएत हेर होता हे संसदेत जाहीर झाले. असा देश लंडनच्या टपालपेटीतून जग वाचवणारा वीर रंगवतो, तेव्हा ते गमावलेल्या सत्तेचे सांत्वन नव्हे काय? थोडे असेलही. पण सांत्वन करणाऱ्या गोष्टीला आपल्या नायकाचा कंटाळा येत नाही. ते काम बाँडपट इमानेइतबारे करत होते, १९८१ मध्येही त्यातला एक आलाच. 'डेंजर माउस' लंडनकडे पाहते ती मँचेस्टरमधून, गिरण्यांची धुराडी विझत चाललेल्या शहरातून. सरकारने आपल्या परदेशी हेरखात्याचे अस्तित्व उघडपणे मान्य केले ते १९९२ मध्ये. त्याआधी दहा वर्षे मँचेस्टरची माणसे त्या खात्याचा मुख्य अधिकारी म्हणून विसराळू, बडबडा कर्नल के मुलांपुढे ठेवत होती. हे सांत्वन नाही, राजधानीच्या गुपितगिरीकडे प्रांताने टाकलेला शहाणा कटाक्ष आहे.

या मालिकांची खरी लंगडी बाजू वेगळी आहे, आणि मी तिच्यावर पांघरूण घालणार नाही. चित्र कमी आणि आवाज जास्त असला की परक्या उच्चारांवर हसू मिळवण्याचा मोह होतो. ग्रीनबॅकचा हस्तक कावळा स्टिलेटो इटालियन ढंगाची मोडकी इंग्रजी बोलतो. अमेरिकेत मालिका दाखवताना इटालियन वंशाचे लोक दुखावतील म्हणून त्याला लंडनच्या कॉकनी बोलीत पुन्हा बोलवावे लागले. गून शोमध्येही लालकाका आणि बॅनर्जी ही भारतीय माणसांची उच्चारावर बेतलेली सोंगे होती, आणि ती लिहिणारा आपल्याच मातीत वाढलेला होता. कारागिरीचे हात मोठे म्हणून हे दोष लहान होत नाहीत. एवढेच म्हणता येईल की हे विनोद मालिकेतले सर्वांत दुबळे विनोद आहेत. स्टिलेटोचे उच्चार बदलले तरी मालिकेचे काही बिघडले नाही, उलट निवेदक काढून टाकला असता तर ती कोसळली असती.

ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओतला निक पार्कचा ग्रोमिट हा कुत्रा मात्र माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा घेतो. तो बोलतच नाही, त्याला तोंडच नाही. 'द राँग ट्राउझर्स' या १९९३ च्या फिल्ममध्ये तो दरोडेपटांचे आणि आगगाडीवरच्या पाठलागांचे विडंबन करतो ते निव्वळ कपाळाच्या मातीची घडी वरखाली करून. इथे आवाज कुठे आहे? रेडिओचा वाटा इथे कमी, हे मान्य. पण दाखवलेल्या हातकामाचा धागा तोच राहतो. मातीवर बोटांचे ठसे दिसतात, ते कोणी पुसून टाकत नाही. गोष्टीतला बदमाश पेंग्विन डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवतो आणि जग त्याला कोंबडा समजते. वस्तू स्वस्त, युक्ती उघड, आणि ती खपते कारण सगळी पात्रे ती पूर्ण गांभीर्याने घेतात. ग्रोमिटच्या गप्प राहण्याने माझा मुद्दा मोडत नाही. आवाज हे चॉर्ल्टनकरांचे साधन होते, मातीची घडी हे ब्रिस्टलचे.

चॉर्ल्टनच्या या व्यवसायाचा शेवट व्यवहाराने केला. नव्या कायद्यानंतर आयटीव्हीचे परवाने लिलावाने वाटले गेले. त्यात थेम्सचा परवाना गेला आणि १९९२ च्या अखेरीस तिचे प्रक्षेपण थांबले. तिच्याच आधारावर उभा असलेला कॉसग्रोव्ह हॉल स्टुडिओ दुसऱ्यांच्या हाती गेला, आणि आयटीव्हीने २००९ मध्ये तो बंद केला. मार्क हॉल २०११ मध्ये वारले. बीबीसीने २०१५ मध्ये 'डेंजर माउस' नव्याने काढली. ती चटपटीत आहे, रंगीत आहे. तिच्या संगणकाला मात्र अंधाराचा आसरा घ्यायची गरज उरलेली नाही, आणि मला तिथे त्या एका डोळ्याची उणीव जाणवते. जुना एखादा भाग हाती लागला तर तो पहिल्यांदा डोळे मिटून ऐकून पाहा, मग उघड्या डोळ्यांनी पाहा. गोष्ट पहिल्याच खेपेला पूर्ण कळेल, आणि दुसऱ्या खेपेला चित्रकारांनी किती थोड्या रेषांत आपले काम भागवले आहे ते दिसेल.